विश्लेषण : भट्टीवरच्या कामगाराच्या पायात कोणता बूट हवा?

जालना एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांत ‘सेफ्टी शूज’ दिले जातात का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘हो’ असे मिळते. मात्र भट्टी, रोलिंग मिल, भंगाराचे आवार, विजेची दुरुस्ती आणि गोदाम या पाचही ठिकाणी एकच बूट चालतो का, तो कामगाराच्या पायाला बसतो का आणि ठेकेदाराकडच्या माणसालाही मिळतो का, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. बुटाची निवड खरेदी विभागाच्या दरपत्रकावर होत राहिली, तर बूट हजेरीपुरता घातला जाईल आणि पाय उघडाच राहील.

जालन्यात धोका नेमका कुठे?

जालन्याची ओळख दोन उद्योगांनी घडवली : बियाणे आणि पोलाद. इथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमध्ये त्या बिलेटपासून बांधकामाच्या सळया निघतात. भट्टीतून बाहेर येणाऱ्या रसाचे तापमान सुमारे १,६०० अंश सेल्सियस असते. रोलिंगसाठी बिलेट साधारण ११०० ते १२०० अंशांपर्यंत तापवावे लागते. मिलच्या जमिनीवर गरम लोखंडाचे पापुद्रे, पाणी आणि तेल एकत्र पडलेले असते. कधी लाल सळई मार्ग सोडून सापासारखी बाहेर उसळते.

ऑगस्ट २०२४ मध्ये जालना एमआयडीसीतील एका पोलाद कारखान्यात भट्टीजवळ स्फोट झाला आणि वितळलेले लोखंड अंगावर उडून अनेक कामगार भाजले. अशा मोठ्या घटनेची बातमी होते. पायाच्या अंगठ्यावर पडलेले बिलेट, तळव्यात घुसलेला खिळा किंवा घोट्यापाशी बुटात शिरलेली ठिणगी यांची बातमी होत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला मात्र त्यातली कोणतीही एक दुखापत महिनाभर घरी बसवायला पुरेशी असते. पायावर उभे राहता येत नाही, तर भट्टीवरचे कामही करता येत नाही.

‘सेफ्टी शूज’ म्हणजे नेमके काय?

दिसायला जाडजूड बूट म्हणजे सुरक्षा बूट, हा पहिला गैरसमज. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५२९८ हे मानक त्यासाठी आहे. त्याच्या दुसऱ्या भागात ‘सेफ्टी’ पादत्राणे येतात. त्यांच्या पुढच्या टोपीने २०० जूलचा आघात सहन करायला हवा. सोप्या भाषेत, २० किलोचे वजन सुमारे एक मीटरवरून बोटांवर पडले तरी आतल्या बोटांना जागा उरली पाहिजे. शिवाय १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाचा दाबही या टोपीने पेलायला हवा.

तिसऱ्या भागातल्या बुटांना आघाताची हीच मर्यादा निम्मी, म्हणजे १०० जूल आहे. चौथ्या भागातल्या बुटांना टोपी असण्याची सक्तीच नाही. तिन्ही प्रकार दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. त्यामुळे ‘आयएसआय आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. मानकाच्या कोणत्या भागाचा शिक्का आहे, तेही पाहावे लागते.

बुटावर किंवा त्याच्या जिभेवर कंपनीची खूण, माप, मानकाचा क्रमांक, निर्मितीचा काळ आणि काही अक्षरे छापलेली असतात. ही अक्षरे म्हणजे बुटाचा बायोडेटा. ‘पी’ म्हणजे खालून खिळा घुसू न देणारा थर. ‘एम’ म्हणजे बोटांच्या मागचे, पायाच्या वरचे हाड झाकणारे कवच. ‘एचआय’ म्हणजे तळातून उष्णता वर चढू न देणारी रचना. ‘एचआरओ’ म्हणजे ३०० अंश तापलेल्या पृष्ठभागाला एक मिनिट टेकला तरी न वितळणारा तळ. ही अक्षरे नसलेला बूट खोटा ठरत नाही. त्याचे काम फक्त टोपीपुरते मर्यादित असते.

मग सगळ्यांना सर्वांत महाग बूट द्यावा का?

तसे केल्याने प्रश्न सुटत नाही. योग्य बूट कोणता, हे कामाच्या जागेवर अवलंबून असते.

भंगाराचे आवार : इथे पहिला शत्रू खालून येतो. खिळे, कापलेल्या पत्र्याच्या कडा, तारांची टोके. टोपी कितीही भक्कम असली तरी ‘पी’ खुणेचा मधला थर नसेल, तर तळवा उघडाच असतो. हा थर पोलादाच्या पत्र्याचा असतो किंवा विणलेल्या मजबूत धाग्यांचा. धाग्यांचा थर वाकतो, त्यामुळे दिवसभर ढिगावर चढउतार करणाऱ्याला तो सोयीचा पडतो. मात्र अगदी बारीक टोकाच्या खिळ्यापुढे पत्रा अधिक खात्रीचा.

रोलिंग मिल : इथे तळ महत्त्वाचा. बाजारात सर्वाधिक खपणारे बूट पीयू किंवा पीव्हीसी तळाचे असतात. ते हलके आणि स्वस्त असतात, पण तापलेल्या लोखंडावर हा तळ मऊ पडतो, चिकटतो आणि सोलतो. मिलमध्ये नायट्राइल रबराचा, ‘एचआरओ’ खुणेचा, तेलपाण्यावर न घसरणारा तळ हवा. ३०० अंशांची ती चाचणी गरम पृष्ठभागासाठी असते. वितळलेल्या रसात पाय पडला तर निभावेल, असा तिचा अर्थ नव्हे.

भट्टी आणि ओतकाम : इथे नेहमीचा नाडीचा बूट हाच धोका ठरू शकतो. उडालेला थेंब नाडीत, जिभेच्या फटीत किंवा घोट्याच्या मोकळ्या कडेत अडकतो आणि तिथेच जळत राहतो. अशा क्षणी गाठ सोडायला वेळ नसतो. म्हणून ओतशाळेचा बूट उंच, गुळगुळीत वरच्या भागाचा, बाहेर नाडी नसलेला आणि एका झटक्यात पायातून निघणारा असतो. वितळलेल्या धातूच्या शिंतोड्यांसाठी आणि वेल्डिंगसाठी आयएसओ २०३४९ हे वेगळे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. पॅन्टचा पाय बुटाच्या आत खोचायचा नसतो, बाहेरून सोडायचा असतो. आत खोचला तर बुटाचे तोंड रसासाठी नरसाळे बनते. मोजे सुती किंवा लोकरी हवेत. नायलॉनचा मोजा वितळून कातडीला चिकटतो.

वीज दुरुस्ती : ‘अँटिस्टॅटिक’ हा शब्द वाचून अनेक जण बूट वीजरोधक समजतात. हा गैरसमज जीवघेणा आहे. अँटिस्टॅटिक बूट अंगात साठलेला स्थिर विद्युतभार हळूहळू जमिनीत सोडतो. म्हणजे तो थोडी वीज वाहू देतो, ते त्याचे कामच आहे. चालू लाइनजवळ काम करणाऱ्याला वीजरोधक म्हणून स्वतंत्रपणे तपासलेला बूटच लागतो.

बियाण्यांचे कारखाने आणि गोदामे : इथे रस उडत नाही, पण पोती आणि ट्रॉल्या पायावर पडतात, फरशीवर धूळ असते. दिवसभर चालावे लागते. इथे हलकी, धातूविरहित टोपी आणि टाचेला धक्का शोषणारी गादी असलेला बूट अधिक उपयोगी. भट्टीचा जड बूट इथे दिला, तर तो दुपारपर्यंत कोपऱ्यात पडलेला दिसेल.

पायाच्या मापाचे काय?

खरी गोची इथे आहे. चामडे पायाच्या आकारानुसार सैल होते, पोलादी टोपी होत नाही. पुढे अरुंद असलेला बूट पहिल्या दिवशी चावतो आणि सहा महिन्यांनीही चावतच राहतो.

भारतात आजवर पादत्राणांची मापे प्रामुख्याने ब्रिटिश पद्धतीने दिली जातात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. त्यातूनच ‘भा’ या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या, शेतातून कारखान्यात आलेल्या माणसाची बोटे मोकळी पसरलेली असतात. त्याला आठ नंबरचा बूट लांबीला बरोबर आणि रुंदीला घट्ट होतो. मग तो नऊ नंबर घेतो. बोटे सुटतात, पण टाच आत घसरत राहते. जिन्यावर, ढिगावर आणि ओल्या जमिनीवर ही घसरणारी टाचच माणसाला पाडते.

स्त्री कामगारांची अडचण आणखी वेगळी. बियाणे उद्योगात त्यांची संख्या मोठी आहे. पुरुषांच्या बुटातला सर्वांत लहान नंबर म्हणजे स्त्रीचा बूट नव्हे. स्त्रीची टाच तुलनेने अरुंद असते, त्यामुळे पुढे बसलेला बूट मागे सैल राहतो. स्त्रियांच्या पायासाठी बनवलेले सुरक्षा बूट बाजारात मिळतात. मागणीपत्रात मात्र तसा रकाना असावा लागतो.

कारखान्यांच्या आवारात एक दृश्य नेहमीचे आहे : बुटाची टाच दुमडून, त्याची चप्पल करून चालणारा कामगार. पर्यवेक्षक त्याला बेशिस्त म्हणतो. प्रत्यक्षात ती न बोलता केलेली तक्रार असते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात भट्टीची धग. अशा जागी बोटे दाबणारा बूट आठ-दहा तास पायात ठेवणे ही शिक्षाच आहे. दंड लावून टाच तेवढी वर येईल, बुटाचे माप बदलणार नाही.

खेळासाठी जे चालते, ते कामासाठी का नाही?

गुलमर्गच्या बर्फावर स्नोबोर्डिंग करायला जाणाऱ्या हौशी माणसाचे उदाहरण घ्या. बूट आणि फळी यांना जोडणाऱ्या पट्ट्यांना बाइंडिंग म्हणतात. ती निवडताना बुटाचे माप, स्वाराचे वजन आणि तो नवखा आहे की सराईत, हे विचारले जाते, कारण सैल बांधणीत फळीवरचा ताबा सुटतो आणि चुकीच्या बांधणीत घोटा दुखावतो. स्कीइंगमध्ये काळजी आणखी पुढची असते. पडल्यावर बूट नेमक्या किती जोराने सुटावा, हे माणसाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून ठरवतात.

म्हणजे दोन दिवसांच्या हौसेसाठी पाय घट्ट कधी राहावा आणि मोकळा कधी व्हावा, याचा इतका विचार होतो. वर्षाचे तीनशे दिवस १,६०० अंशांच्या रसाशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र ‘नंबर किती?’ एवढेच विचारले जाते. कधी कधी तेही नाही. पोत्यातून हाताला लागेल तो जोड दिला जातो. अडचण तंत्रज्ञानाची असती, तर पर्यटकालाही ही सोय मिळाली नसती. माप घेण्याइतकी किंमत कोणाच्या पायाला द्यायची, एवढाच हा प्रश्न आहे.

पैसे कोणी द्यायचे?

याबाबत कायद्यात संदिग्धता नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ११४ नुसार कारखानदाराने पुरवायच्या उपकरणांसाठी कामगाराकडून शुल्क घेता येत नव्हते. त्याच कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही येत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही सुरक्षेसाठी केलेल्या तरतुदीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करू नये, हे तत्त्व कायम आहे. पगारातून ‘बुटाचे पैसे’ कापणे ही रीत असेल, पण ती कायद्याला धरून नाही.

तरीही गळती ठेकेदारीतच होते. कायम कामगाराच्या बुटाची नोंद कारखान्याच्या वहीत असते. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या कारखान्यात जाणाऱ्या मजुराची नोंद ठेकेदाराकडे असते, आणि ठेकेदार ज्या दराने काम घेतो त्या दरात चांगला बूट बसत नाही. मग सर्वांत धोक्याच्या जागी सर्वांत स्वस्त बूट किंवा घरून आणलेली चप्पल दिसते. रस उडताना पायाचा मालक कायम आहे की ठेक्यावर, हे पाहत नाही.

उद्योजकांचे म्हणणे चुकीचे आहे का?

उद्योजकांचे तीन मुद्दे ऐकून घ्यायला हवेत. पहिला : बूट देऊनही कामगार घालत नाहीत. दुसरा : माणसे टिकत नाहीत, नवा बूट घेऊन आठवड्यात निघून जातात. तिसरा : सळईच्या धंद्यात नफ्याची फट बारीक असते, लहान मिलला प्रत्येक रुपया मोजावा लागतो.

तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे, पण त्यांचा निष्कर्ष ‘स्वस्त बूट घ्या’ असा निघत नाही. न घातलेला स्वस्त बूट हा सर्वांत महाग बूट असतो, कारण त्याचे पैसेही जातात आणि पायही. माणसे टिकत नसतील, तर बुटाची नोंद आणि परतीची पद्धत ठेवता येते. मात्र एकाचा घामाने भिजलेला जुना जोड दुसऱ्याच्या पायात घालणे योग्य नाही. लहान मिलना किंमत परवडत नसेल, तर दहा-वीस कारखान्यांनी मिळून खरेदी करावी. जालना एमआयडीसीत कारखाने एकमेकांना लागून आहेत आणि त्यांच्या गरजा जवळपास सारख्या आहेत. एकत्र मागणी नोंदवली तर दर उतरतो, सगळ्या नंबरांचे आणि रुंद मापाचे जोड मागवता येतात, आणि पुरवठादाराला आवारात येऊन पाय मोजायला सांगता येते. भंगाराचा भाव ठरवताना एकत्र बसणाऱ्या उद्योजकांना बुटासाठी एकत्र बसणे अवघड नाही.

बूट घातला म्हणजे अपघात टळला का?

नाही, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. भट्टीतले अनेक स्फोट ओल्या भंगारामुळे किंवा त्यात आलेल्या बंद डब्या-सिलिंडरमुळे होतात. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडले की त्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळतो. त्याला उत्तर भंगाराची छाननी, ते कोरडे ठेवणे, भट्टीच्या अस्तराची वेळेवर तपासणी आणि माणसांना अंतरावर ठेवणारी रचना हे आहे. बूट ही शेवटची भिंत आहे. आधीच्या भिंती पाडून शेवटच्या भिंतीवर भार टाकणे म्हणजे जबाबदारी मालकाच्या टेबलावरून कामगाराच्या पायाकडे सरकवणे होय.

तरीही शेवटची भिंत पोकळ असून चालत नाही. बाकी सगळे चुकते, तेव्हा तीच उरते.

बूट घेताना काय तपासावे?

खरेदी करणाऱ्याने आणि घालणाऱ्यानेही काही गोष्टी पाच मिनिटांत पाहाव्यात.

आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर टाकून तो खरा आहे का, ते तपासता येते. संरक्षक पादत्राणांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्येच निघाला आहे, त्यामुळे चिन्ह नसलेला माल घेण्याचे कारण नाही.

निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहावे. पीयूचा तळ गोदामात पडून राहिला तरी दमट हवेने आतून कुजतो आणि नवा कोरा बूट काही दिवसांत तळ सोडतो. सवलतीत मिळणारा जुना साठा इथेच फसवतो.

माप संध्याकाळी, कामाचे मोजे घालून घ्यावे. दिवसभराच्या उष्णतेने पाय थोडा सुजतो. दोन्ही पाय मोजावेत, मोठ्या पायाचा नंबर घ्यावा. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. उकिडवे बसून पाहावे; टोपीची मागची कड बोटांवर रुतत असेल, तर तो बूट परत करावा. दहा पावले चालून टाच उचलते का, ते पाहावे.

टोपीवर एकदा जोराचा मार बसला की बूट बदलावा. बाहेरून चामडे ठीक दिसले तरी आतली टोपी दबलेली असू शकते. तळाची नक्षी झिजली, शिवण जळाली किंवा तळाला भेग गेली, तर ‘वर्षाला एक जोड’ या नियमाची वाट पाहू नये. बूट बदलण्याची तारीख त्याची अवस्था ठरवते, कॅलेंडर नव्हे.

पुढे काय व्हायला हवे?

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. फलक लागतात, शपथ घेतली जाते, छायाचित्रे निघतात. त्याच दिवशी प्रत्येक कारखान्याने आपल्या सगळ्या कामगारांचे, ठेक्यावरच्यांसह, पाय मोजले तर ती शपथेपेक्षा मोठी गोष्ट ठरेल. मागणीपत्रात ‘सेफ्टी शूज, इतके जोड’ असे न लिहिता कोणत्या विभागासाठी, कोणत्या खुणांचे, कोणत्या नंबरांचे आणि किती रुंदीचे, असे लिहावे. ठेकेदाराच्या करारात बुटाची तरतूद स्वतंत्र ओळीत असावी, म्हणजे दर पाडताना ती गिळली जाणार नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासणीत ‘बूट दिले का?’ याबरोबर ‘घातलेले किती आणि कोणत्या जागी कोणते?’ हाही प्रश्न असावा. कामगार संघटनांनीही बोनस आणि पगारवाढीच्या मागण्यांत ही एक ओळ घालावी.

आणि निवड करताना ज्याचा पाय आहे त्याला विचारावे. दोन-तीन नमुने आणून भट्टीवरच्या, मिलवरच्या आणि आवारातल्या माणसांना आठवडाभर वापरायला द्यावेत, मग मोठी मागणी नोंदवावी. ‘सोन्याचा पालना’ म्हणून जालन्याचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या होत आले. तो पालना हलता ठेवणारी माणसे भट्टीसमोर उभी आहेत. त्यांच्या पायाचे माप घ्यायला एक फूटपट्टी आणि दहा मिनिटे लागतात.